डीस्पेस प्रणाली व शकाची नोंद

सटाणें येथें बागलाणच्या इतिहाससाधनांचे अंकीय संग्रह करण्याचें शिक्षण द्यावयाचें झाल्यास डीस्पेस ही प्रणाली विचारांत घेण्याजोगी आहे. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठ व ह्यूलेट-पॅकार्ड यांनीं ती २००२ सालीं प्रसिद्ध केली; तीस मूल्य पडत नाहीं. शिकविण्यासाठीं ती आभासी यंत्रांत, म्हणजे संगणकाच्या पोटांत उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकांत, बसवावी हें आम्हांस मान्य आहे. विद्यार्थ्यानें मांडणी बिघडविली तरी पूर्वी जतन केलेली स्थिति परत आणतां येते.

परंतु तिचें नोंदपत्र जसेंच्या तसें स्वीकारणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. त्यांतील तारखेचा रकाना इसवी सनाचा आहे. मुल्हेरच्या आश्रयानें रुद्रकवीनें रचिलेलें ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ शके १५१८ चें. हा शक १५९६ च्या चैत्रांत लागून १५९७ त संपतो. केवळ शक दिलेल्या कागदावर विद्यार्थ्यानें १५९६ लिहिलें, तर त्याचें अनुमानच पुढें मूळ पुरावा म्हणून चालेल. नवे रकाने जोडण्याची सोय प्रणालींत आहेच. तेव्हां मूळ शक, मास व तिथि यांचा रकाना आधीं जोडावा, मगच पहिला कागद चढवावा, असें आमचें मत आहे.