परिस्रावी उदराचे शस्त्रकर्म : सुश्रुतवचनाचा पुनर्विचार

अन्नाबरोबर गिळल्या गेलेल्या हाडाने, काट्याने किंवा तत्सम टोकदार वस्तूने आतडे भेदले जाणे, हा व्याधी आपल्या प्राचीन संहिताकारांस परिचित होता. सुश्रुताने त्यास ‘परिस्रावी उदर’ म्हटले आहे, तर चरकाने ‘छिद्रोदर’. येवला ज्या जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्यात, नाशिक येथे, १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. प्राचीन शल्यतंत्राच्या गौरवपर लेखनात या शस्त्रकर्माचा, विशेषतः त्यातील मुंग्यांच्या टाक्यांचा, उल्लेख वारंवार येतो. हा उल्लेख किती भार पेलू शकतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायातील विधी असा : स्नेहन-स्वेदन झाल्यावर नाभीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर उघडावे, चार अंगुळे आतडे बाहेर काढून निरखावे, शल्य काढून स्राव स्वच्छ करावा, छिद्र जुळवून त्यावर काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा, त्यांची धडे तोडून डोकी तशीच राखावी आणि अखेरीस उदर शिवावे. असे शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, असा नियम सूत्रस्थानात आहे. शल्य काढणे, शुद्धी करणे व छिद्र बंद करणे ही आजच्या शस्त्रकर्माचीही मूलभूत अंगे होत. हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि साम्य म्हणजे समता नव्हे. गिळलेल्या टोकदार वस्तूने होणारे छिद्र पुष्कळदा लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीशी, म्हणजे उदराच्या उजव्या भागात, आढळते. डावीकडील छेदातून चार अंगुळे आतडे पाहून असे छिद्र हाती लागेलच, याची शाश्वती नाही. आजचा शल्यवैद्य आतड्याची संपूर्ण लांबी तपासतो. दुसरा प्रश्न सांधण्याचा. येवल्याचा पैठणी विणकर तुटलेला धागा धाग्याशी सांधतो. आतड्याच्या बाबतीत केवळ कडेस कड लावून भागत नाही. बाहेरील आवरणे परस्परांस भिडली तरच सांधा दृढ होतो, हे तत्त्व लाँबेर याने १८२६ मध्ये मांडले. मुंगीच्या दंशाने नेमके काय भिडते, याविषयी सुश्रुत मौन पाळतो. शिवाय ईथरची भूल १८४६ मध्ये आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धती १८६७ मध्ये पुढे आली. त्यांवाचून उदर उघडण्यातील धोका किती मोठा होता, हे सांगावयास नको.

सर्वांत महत्त्वाचे वचन मात्र गौरवलेखकांकडून बहुधा वगळले जाते. त्याच अध्यायाच्या प्रारंभी सुश्रुत बद्धगुद व परिस्रावी ही दोन उदरे असाध्य ठरवितो आणि कोणत्याही उदराची चिकित्सा आधी धोक्याची कल्पना देऊनच आरंभावी, असे सांगतो. चरकही हे कर्म अनुभवी शल्यहर्त्यांवर सोपवितो. म्हणजेच विधीचे वर्णन हा यशाचा पुरावा नव्हे, हे ग्रंथकारास स्वतःस ठाऊक होते.

आज गिळलेल्या बहुतेक वस्तू आपोआप बाहेर पडतात, काही दुर्बिणीने काढल्या जातात आणि शस्त्रकर्माची वेळ शंभरांत सुमारे एकावर किंवा त्याहूनही कमी जणांवर येते. ही प्रगती सुश्रुताच्या श्लाघेने वाढत नाही वा उपेक्षेने घटत नाही. संशोधकाने विधीचे वाक्य आणि असाध्यतेचे वाक्य एकत्र वाचावे. आपल्या मर्यादा जाणणारा सुश्रुत हा चमत्कार करणाऱ्या सुश्रुतापेक्षा अधिक आदरणीय आहे.