जुनाट कंबरदुखीत भौतिकोपचारास मानसोपचाराची जोड : एक चिकित्सा

मराठीत निर्धार करणारा माणूस कंबर कसतो आणि धीर सुटलेल्याची कंबर खचते. देह व मन यांचा हा संबंध भाषेने पूर्वीच ओळखला होता. वैद्यकाने तो पुढे मान्य केला. १९७७ मध्ये जॉर्ज एंगेल यांनी जैव-मनो-सामाजिक प्रतिमान मांडले व १९८७ मध्ये गॉर्डन वॉडेल यांनी ते कंबरदुखीस लावले.

या विचारास भक्कम आधार देणारे परीक्षण २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. एमा हो व सहकाऱ्यांनी ९७ यादृच्छिक चाचण्या व १३,१३६ रुग्ण यांचा त्यात आढावा घेतला. केवळ भौतिकोपचारापेक्षा त्यास बोधात्मक वर्तनोपचार किंवा वेदना-शिक्षण यांची जोड दिल्यास हालचालीची क्षमता अधिक सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वेदना-शिक्षणाचा हा लाभ सहा महिन्यांपर्यंत दिसला. त्यापुढील परिणाम तपासणारी चाचणी त्यात नव्हती. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण आजाराचे स्वरूपच दीर्घकालीन आहे.

दुसरी मर्यादा संदर्भाची आहे. कंबरदुखीवरील बहुतेक संशोधन संपन्न देशांतील असल्याचे 'लॅन्सेट'च्या २०१८ च्या लेखमालेने नोंदविले आहे. हालचालीची भीती ही चुकीची धारणा मानून ती दूर करणे, हे या उपचारांचे एक प्रमुख अंग होय. परंतु अर्धापूर परिसरात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराची भीती केवळ धारणा नसते. ओझे खरे असते आणि काम थांबल्यास बुडणारी मजुरीही खरी असते. त्यास 'दुखणे मनाचे आहे' असे सांगितल्यास त्याला ते ढोंगाचा आरोप वाटण्याचा संभव अधिक. वेदना खरीच आहे, मात्र भय, निराशा व झोपमोड यांमुळे ती वाढते, हे सांगण्याची पद्धती म्हणूनच उपचाराचा भाग ठरते.

तिसरा प्रश्न मनुष्यबळाचा. मानसोपचारतज्ज्ञ मुख्यत्वे शहरांत एकवटलेले आहेत. तालुक्यातील रुग्णास दोन ठिकाणी फेऱ्या मारणे परवडणारे नाही. येथे २०२३ ची ऑस्ट्रेलियातील 'रिस्टोअर' चाचणी मार्गदर्शक ठरते. तीत ४९२ रुग्णांपैकी एका गटास नेहमीचे उपचार मिळाले, तर इतरांस विशेष प्रशिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञांनीच बोधात्मक कार्यात्मक उपचार दिले. बारा आठवड्यांत कमाल सात सत्रे व पुढे एक उजळणी सत्र, एवढ्यावर मिळालेला लाभ वर्षभर टिकला. तथापि हे प्रशिक्षण दीर्घ व देखरेखीखालील होते. एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेने ते साधणार नाही.

निष्कर्ष असा की, मानसोपचाराची जोड उपयुक्त असल्याचा पुरावा पुरेसा आहे. ती स्वतंत्र विभाग म्हणून न राहता भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमातच रुजली पाहिजे. मात्र श्रमाचे ओझे तसेच ठेवून केवळ मन सावरण्याचा आग्रह धरल्यास जैव-मनो-सामाजिक प्रतिमानातील 'सामाजिक' हा शब्द नाममात्र उरेल.