‘नाही मी एकला’ : आत्मचरित्र पुरावा म्हणून वाचताना

श्रद्धा आणि राजकारण या विषयावर संशोधन करायचंय? मग फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘नाही मी एकला’ वाचाच. पण भारावून जाऊ नका.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरूला सत्तापद घेता येत नाही. पक्षीय राजकारणालाही मनाई आहे. चर्चच्या हक्कांसाठी किंवा सार्वजनिक हितासाठी वरिष्ठांना गरज वाटली, तरच अपवाद. दिब्रिटोंनी या चौकटीत राहून हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व केलं. जमीन आणि पाण्यासाठी सत्तेला जाब विचारला. खुर्चीशिवायही राजकारण होतं, हे त्यातून दिसतं. पुस्तकाचं बळ इथे आहे: लढा आणि प्रार्थना वेगळ्या काढता येत नाहीत.

मर्यादाही इथेच. आत्मचरित्रात साक्षीदार एकच असतो, आणि तोच न्यायाधीशही. पश्चिमेच्या शेतकऱ्याला त्याची विहीर वाचवायची होती. पण इकडे फुलपाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला तेच पाणी हवं असेल, तर ‘सार्वजनिक हित’ कोणाचं?

हा प्रश्न लेखकाच्या निष्ठेवर शंका घेत नाही. तो तुमच्या प्रबंधाचा प्रश्न आहे. म्हणून पुस्तक मिटल्यावर दोन्हीकडच्या लोकांना भेटा. निष्कर्ष त्यानंतर लिहा.