शांतता की गोंधळ?

बी.एड.च्या वर्गात पाठनिरीक्षण शिकवताना नेड फ्लँडर्स यांची पद्धत हमखास येते. 'अ‍ॅनालायझिंग टीचिंग बिहेवियर' हे त्यांचे पुस्तक १९७० चे. निरीक्षकाने वर्गात मागे बसायचे आणि दर तीन सेकंदांनी एक आकडा मांडायचा. आकडे दहा. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, आठ आणि नऊ मुलांच्या बोलण्याचे, दहावा शांतता किंवा गोंधळाचा.

पद्धतीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. वर्गातल्या बोलण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शिक्षकाचेच असते, हे फ्लँडर्स यांनी मोजून दाखवले. 'आवाज खणखणीत, फलकलेखन सुबक' असा शेरा मारून सही ठोकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

विज्ञानाच्या तासाला मात्र ही मोजपट्टी तोकडी पडते. मुलांना एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि तारेचा एक तुकडा द्या. बरीच मुले तार सेलच्या एकाच टोकापासून बल्बच्या बुडाला लावतात. बल्ब लागत नाही. कोणी 'सेल संपलाय' असे जाहीर करतो, शेजारी वाद घालतात. एखादी मुलगी काही न बोलता बल्बचे बूड सेलच्या टोकावर टेकवते आणि तार बल्बच्या कडेपासून सेलच्या तळाशी नेते. अशी दहा मिनिटे गेली की निरीक्षकाच्या वहीत जवळजवळ दोनशे वेळा 'दहा'! फ्लँडर्स यांच्या व्याख्येनुसार निरीक्षकाला समजू न शकणारा संवाद याच रकान्यात जातो. कळले नाही निरीक्षकाला, शिक्का बसला वर्गावर.

मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये मांडलेले निष्कर्ष इथे आठवावेत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात. तीन सेकंद म्हणजे फ्लँडर्स यांचा नेमका एक आकडा. गुण निरीक्षकाच्या हातात असल्यामुळे छात्राध्यापक ही जोखीम घेत नाही. स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो.

२०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा. इतक्या अवधीत मार्गदर्शकाने एखादा तास तरी मागचा बाक सोडून चार मुलांजवळ बसावे, त्यांचे बोलणे जसेच्या तसे उतरवावे आणि तासानंतर ती वही छात्राध्यापकापुढे ठेवून विचारावे : 'सेल संपलाय' म्हणणाऱ्याला तुम्ही काय करून पाहायला सांगाल?