‘आनंदी गोपाळ’ आणि दुसरा प्रश्न

कादंबरी वाचकाला रडवते यात तिचा फार मोठेपणा आहे असे मी मानीत नाही. रडणे सोपे असते. तिने वाचकाला स्वतःकडे पाहावयास लावले की नाही, हे मी आधी पाहतो. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी तीन वेळा वाचली. पहिल्या दोन वाचनांत डोळे भरून आले. तिसऱ्या वाचनात मला माझीच लाज वाटली. त्या तिसऱ्या वाचनाविषयी येथे लिहावयाचे आहे. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. तेव्हा ही टीका एका मास्तराची आहे, पंडिताची नव्हे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. कल्याणची यमुना १८७४ साली, नवव्या वर्षी, पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी या बिजवराची आनंदी झाली. १८७८ साली तिला मुलगा झाला आणि उपचारांवाचून दहा दिवसांत गेला. बायका पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजत, आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. ते मूल का गेले, हा प्रश्न तिने सोडला नाही. १८८३ साली बंगालमधील सेरामपूरच्या सभेत तिने हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले, ती फिलाडेल्फियाला गेली, आणि १८८६ साली एम.डी. झाली.

जोशी यांचे यश असे की त्यांनी गोपाळरावाला देवही केले नाही आणि राक्षसही केले नाही. हट्टी, विक्षिप्त, तापट आणि तरीही बायकोच्या शिक्षणासाठी जगाशी भांडणारा असा हा माणूस त्यांनी हाडामांसाचा उभा केला आहे. पण या यशातच एक धोका आहे. गोपाळराव इतका रंगतो की वाचक नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून आनंदीला मार बसे. आपण वाचतो, हळहळतो आणि मनात म्हणतो, “पण म्हणूनच ती डॉक्टर झाली ना!” मीही दोनदा तसेच म्हटले होते.

मधे जे घडले ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे पटणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात चौथीला शिकवीत होतो. एके दुपारी मधल्या सुट्टीनंतर एक हुशार पोरगा धडा वाचीना. पुस्तक जवळ धरी, दूर धरी, मधेच हसे, भलतेच बरळे. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याच्या तळहातावर चार छड्या मारल्या. थोड्या वेळाने तो हवेतले काहीतरी पकडू लागला. आजी धावत आली. “गुरुजी, ह्येका कायतरी लागलासा दिसता, घाड्याक बोलवा,” असे म्हणू लागली. कोणी मीठपाणी पाजून ओकवायला निघाले. सुदैवाने एका रिक्षावाल्याने कोणाचेच न ऐकता आम्हांला सरकारी दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा लाल चेहरा, कोरडी जीभ आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या पाहिल्या आणि विचारले, “याने काय खाल्ले?” त्याच्या खिशात धोतऱ्याचे काटेरी बोंड निघाले. धोतऱ्याने जवळचे दिसेनासे होते. तो वाचीत नव्हता, कारण त्याला अक्षरेच दिसत नव्हती. मग त्यांनी त्याची मूठ उघडली आणि विचारले, “आणि हे कोणी केले?”

“मी,” मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपरवर धोतऱ्याच्या बियांची नोंद केली आणि खाली, त्याच अक्षरात, तळहातावरचे वळ मोजून लिहिले. दुसऱ्या दिवशी पोरगा शुद्धीवर आला. मला कोणी जाब विचारला नाही. शाळेतील मारास बंदी करणारा कायदा २००९ साली झाला. मी छडी त्याआधीच टाकली होती.

त्यानंतर ‘आनंदी गोपाळ’ पुन्हा हाती घेतली. मूल का गेले, हा पहिला प्रश्न कादंबरी वाचकाच्या मनात खोल रुजवते. परंतु दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावरचे वळ कोणाचे, हा दुसरा प्रश्न ध्येयाच्या झळाळीत मागे पडतो. आनंदीबाई स्वतः मात्र तो विसरल्या नव्हत्या. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात, दहाव्या वर्षी खाल्लेल्या लाकडाच्या माराची आणि बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकांची त्यांनी आठवण दिली आहे. त्यांच्या यशाने तो मार पुसला गेला नव्हता. मग आपण तो पुसणारे कोण?

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. फोंड्याचा घाट चढला की कोल्हापूर आम्हांला फार दूर नाही. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते. तिथे त्या बसल्या असत्या आणि आमच्याकडचे एखादे पोर त्यांच्यापुढे नेले असते, तर त्याची मूठ त्यांनी नक्की उघडून पाहिली असती.

ही कादंबरी घरातल्या मुलांच्या हाती जरूर द्यावी. मात्र ती वाचून झाल्यावर मुलांनी दुसरा प्रश्न विचारला, तर मोठ्यांनी फराळाचे ताट पुढे करून विषय बदलू नये.