‘असहमत’ भागधारक : एका संज्ञेची चिकित्सा

कंपनी कायदा, 2013 मधील 235 वे कलम भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे असे आहे. व्यवहारात ‘असहमत’ म्हणजे विरोध बोलून दाखविणारा. येथे मात्र ज्याने केवळ संमती दिलेली नाही, असा मूक भागधारकही त्याच संज्ञेत येतो. मूल्याने नऊ दशांश भागांच्या धारकांनी चार महिन्यांत प्रस्ताव मान्य केला, की उरलेल्यांचे भाग त्याच अटींवर घेता येतात. ज्याला हे अमान्य असेल, त्याने नोटिशीपासून एका महिन्याच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा. म्हणजे एकाच मौनाचा अर्थ कायदा दोनदा लावतो : प्रथम विरोध, नंतर शरणागती.

परंतु देऊ केलेली किंमत रास्त आहे की नाही, हे माहितीवाचून ठरवावे कसे? 238 व्या कलमाने प्रस्तावपत्रासोबत माहिती देणे आवश्यक केले खरे. ती कोणती, हे मात्र नियमांवर सोपविले. विलीनीकरणाविषयीच्या 232 व्या कलमात तज्ज्ञाच्या मूल्यांकन-अहवालाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यालाही ‘असल्यास’ अशी पुस्ती जोडलेली आहेच.

मौनाला अर्थ द्यावयाचा, तर बोलण्याची साधने आधी दिली पाहिजेत. 235 व्या कलमाचे खरे वैगुण्य आमच्या मते हेच होय.