भुयाराची संहिता : आलेखकागद, तिलिस्म आणि मुक्तिबोधांची गुहा

इंग्रजीतील 'डंजन' ह्या शब्दाचा अर्थप्रवास उलट्या दिशेने झालेला आहे. मूळ फ्रेंच 'दोंजों' म्हणजे किल्ल्याचा सर्वांत उंच व भक्कम बुरूज. पुढे त्या बुरुजाच्या पायथ्याशी असलेल्या कैदखान्यास तेच नाव पडले आणि माथ्याचा शब्द तळघराचा झाला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या शब्दाला तिसरा अर्थ प्राप्त झाला: मजल्याखाली मजला असे खोल जाणारे, दालने, बोळ, जिने व चोरदरवाजे यांनी भरलेले, कधीही पूर्णपणे पाहून न होणारे कल्पित भुयार. ह्या भुयाराची रचना व त्याचे नकाशे हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने अद्याप गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. तो छत्तीसगढच्या भूमीवरून विचारल्यास काही अनपेक्षित नाती उघड होतात, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ह्या रचनेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते. मूळ खेळाच्या तीन पुस्तिकांपैकी तिसरी पुस्तिका पाताळप्रदेश व रानावनांतील साहसे यांना वाहिलेली आहे. खेळ चालविणाऱ्या पंचाने आधी पेन्सिल घेऊन आलेखकागदावर हे चक्रव्यूह रेखाटावेत, अशी तिची अपेक्षा आहे. एक चौकोन म्हणजे १० फूट. चांगल्या भुयाराला खाली किमान डझनभर मजले असावेत, त्यांना आडव्या शाखा फुटाव्यात आणि नवे मजले सतत तयार होत असावेत, असेही ती सांगते. म्हणजे ही संहिता पूर्ण होण्यासाठी लिहिली जात नाही. गायगॅक्स यांचे स्वतःचे ग्रेहॉक किल्ल्याखालील भुयार असेच वाढत गेले. २००८ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही ते मूळ रूपात संपूर्णपणे प्रकाशित झालेले नव्हते.

परंतु पंचाचा नकाशा ही अर्धीच गोष्ट झाली. खेळणाऱ्यांना तो दिसत नाही. पंच तोंडाने सांगतो: बोळ उत्तरेकडे साठ फूट जातो, डावीकडे बंद दार, पुढे वळण. खेळणाऱ्यांपैकी एक जण ते ऐकून आपल्या कागदावर दुसरा नकाशा काढतो. एकाच अवकाशाच्या ह्या दोन संहिता: एक लिहिलेली व लपविलेली, दुसरी ऐकून उतरविलेली व चुकांनी भरलेली. खेळाची सारी गंमत, आणि सारे भयही, त्या दोहोंमधील अंतरात आहे. रचनाकारांना हे पुरते ठाऊक होते. नकळत उतरता जाणारा बोळ, ज्यामुळे आपण खालच्या मजल्यावर आलो हेच कळत नाही. एकाच बाजूने उघडणारे दार. जागा बदलणारी खोली, ह्या सर्व युक्त्या खेळणाऱ्याच्या पात्राला जखमी करण्यासाठी नाहीत. त्या त्याच्या नकाशाला जखमी करण्यासाठी आहेत. वाचकाचे आकलन हेच ज्याचे रणक्षेत्र आहे असा वाङ्मयप्रकार एरवी केवळ आधुनिकतावादी कादंबरीच असल्याचे आपण मानतो.

शब्दांनी अवकाश उभा करण्याची ही कला मराठीला नवखी नाही. महानुभाव पंथाची चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' हे तिचे ठळक उदाहरण होय. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले त्या स्थानांचे वर्णन तीत आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मढ कोठे, पौळीचे दार कोणत्या अंगास, अमुक स्थानापासून तमुक स्थान कोणीकडे, अशा तपशिलांवरून आजही कागदावर आराखडा मांडता येतो. स्थानपोथीत कथा जवळजवळ नाही. कथा 'लीळाचरित्रा'त आहे. येथे आहे ती केवळ जागा, पण जिच्यात लीळा घडून गेल्या अशी जागा. भुयाराच्या वहीत ह्याच्या नेमके उलट असते. तेथेही जागाच आहे, पण कथा अजून घडावयाची आहे. स्मरणाची स्थलसंहिता आणि संभाव्यतेची स्थलसंहिता असा हा भेद मांडता येईल. मराठी समीक्षेने स्थानपोथीकडे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासाचे साधन म्हणून पाहिले. तिच्या अवकाशरचनेकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याची निकड मात्र फारशी भासली नाही.

प्रत्यक्षातील भुयारही मराठी मुलखात आहे. देवगिरी तथा दौलताबाद किल्ल्यावरील 'अंधारी' ही बहुधा भारतातील अशा रचनेची सर्वांत परिणत वास्तू असावी. खडक तासून काढलेला खंदक ओलांडल्यावर वर जाण्यास ह्या काळोख्या, वळणावळणाच्या मार्गावाचून गत्यंतर नाही. पायऱ्या असमान आहेत, फसवी वळणे आहेत, आणि वरच्या तोंडाशी आगीची शेगडी पेटवून सगळे भुयार धुराने कोंडून टाकण्याची सोय आहे. रचनेची बुद्धी तीच, पण हेतू भिन्न. अंधारी परक्याने आत येऊ नये म्हणून घडविली आहे. आलेखकागदावरचे भुयार त्याने आत यावे म्हणूनच. त्यामुळे खऱ्या किल्ल्यातील सापळा अदृश्य राहण्यात कृतार्थ होतो, तर खेळातील चांगला सापळा सावध माणसाला आधी काहीतरी सांगून जातो: फरशीवरील ओरखडा, भिंतीवरील काजळी, आधी येऊन गेलेल्या कोणाची तरी हाडे. जो सापळा काहीच सांगत नाही तो क्रूर नसून नुसता कंटाळवाणा असतो. रहस्यकथेतील पुराव्याचा न्याय येथेही लागू पडतो.

रचनेच्या दृष्टीने जेनेल जॅक्वेझ यांचे 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' (१९७९) हे भुयार विशेष अभ्यासनीय आहे. सामान्य भुयाराचा आराखडा झाडासारखा असतो: एक खोड, त्याला फांद्या, प्रत्येक फांदीचा शेवट बंद. तेथे खेळणारा निवड करतो असे वाटते. वस्तुतः तो केवळ क्रम ठरवितो, कारण सर्व फांद्या पाहून शेवटी त्याच खोडाशी परतावयाचे असते. जॅक्वेझ यांनी वेटोळी घातली. आत शिरण्याच्या वाटा अनेक, मजल्यांना जोडणारे जिने अनेक, आणि काही उतार मधला मजला टाळून थेट खोल नेणारे. परिणामी एकाच दालनात दोन बाजूंनी पोहोचता येते आणि दोन्ही वेळा ते दालन निराळे भासते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ह्या भुयारात काळाचे थर आहेत. प्राचीन सरीसृपवंशाची घडण, तीवर मानवी संस्कृतीची, तीत शिरलेले पशुमुखी रहिवासी आणि मृत्युदेवतेचे उपासक. इतिहास कोणी सांगत नाही. खाली उतरत जाताना तो वाचावा लागतो. कादंबरीच्या कथनमीमांसेला ज्ञात असलेले कालव्युत्क्रमाचे तंत्र येथे जिन्यांच्या जागांमधून साधलेले आहे. २००६ नंतर जुन्या पद्धतीच्या खेळांचे जे पुनरुज्जीवन झाले त्यात ह्या वेटोळ्यांच्या रचनेला शास्त्राचे स्थान मिळाले. ते योग्यच झाले, जरी त्या शास्त्राच्या आहारी गेलेली काही अलीकडील भुयारे वेटोळ्यांचा नुसता गुंता होऊन बसली आहेत.

भारतीय वाचकाला ह्या सगळ्यात प्रथम आठवेल ते 'तिलिस्म'. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पुढे 'चंद्रकांता संतती'चे चोवीस भाग निघाले. मराठीत त्याआधीच 'मुक्तामाला' (१८६१) व 'मंजुघोषा' (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या होत्या आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने विसाव्या शतकातही ती परंपरा जिवंत ठेवली. मराठी कादंबरीचा इतिहास मात्र अद्भुताकडून वास्तवाकडे झालेली प्रगती म्हणून सांगण्याची प्रथा पडली आणि ह्या कृतींच्या वाट्याला बाल्यावस्थेचे कौतुक तेवढे आले. हा निवाडा पात्रे व संभाव्यता यांच्या कसोटीवर दिलेला आहे. अवकाशाच्या कसोटीवर तो द्यावयाचा राहिला.

तथापि तिलिस्म आणि डंजन एकच मानणे घाईचे होईल. खत्रींच्या तिलिस्माला धनी आहे. तो कोणाच्या हातून तुटावयाचा हे बांधणाऱ्याने आधीच ठरविलेले असते आणि तो तोडण्याची रीत सांगणारा ग्रंथ योग्य वारसाच्या हाती पडतो. म्हणजे तिलिस्मात नकाशा वंशाने मिळतो. जुन्या पद्धतीच्या भुयारात कोणीही नियत नायक नाही. मशाल सहा फेऱ्यांत, म्हणजे तासाभरात, विझते, अन्न संपते, पहिल्याच मजल्यावर मरण येऊ शकते. येथे नकाशा पायांनी मिळतो. राजकुमाराचे अद्भुत आणि कोणाचेच नसलेल्या माणसाचे अद्भुत, असा हा फरक आहे, आणि तो केवळ तंत्राचा नाही.

येथे गजानन माधव मुक्तिबोध यांच्याकडे वळावे लागते. मराठीभाषक घरात जन्मलेला हा हिंदी कवी, मराठी कवी व समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा थोरला भाऊ, १९५८ साली नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आला. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवरील ह्या गावात संस्थानिकांचा जुना वाडा महाविद्यालय झाला होता. बाजूला तळी, आणि कवीच्या निवासस्थानात तो प्रसिद्ध चक्करदार जिना. १९६४ साली, त्यांच्या निधनानंतर, 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह आला. त्यातील 'अँधेरे में' ह्या दीर्घ कवितेत अंधाऱ्या खोल्यांतून कोणी फेऱ्या घालीत असते, भिंतीचा गिलावा आपोआप गळून त्यातून चेहरा उमटतो, तळ्याकाठी तिलिस्मी गुहेचे दार उघडते. 'ब्रह्मराक्षस' ह्या कवितेत गावाबाहेरची ओसाड बारव आहे. तिच्या पायऱ्या पाण्यात बुडत गेलेल्या आहेत. आणि आत दुसराच एक अंतर्लोकीचा जिना आहे, ज्यावर चढणे म्हणजे घसरणे, पाय मुरगळणे.

समीक्षेने ह्या जागांना प्रतीके म्हटले: गुहा म्हणजे अवचेतन, बारव म्हणजे बुद्धिजीवीचे एकाकीपण. हे चूक नाही. पण त्यामुळे जागा जागा म्हणून उरतच नाही. अर्थ हाती आला की गुहेतून बाहेर पडण्याची वाचकाला घाई होते. भुयाराच्या रचनाकाराचा डोळा घेऊन 'अँधेरे में' वाचल्यास तिची बांधणी निराळी दिसू लागते. कविता एका रेषेने पुढे जात नाही. ती त्याच दाराशी, त्याच ठोठावण्याशी, त्याच रस्त्याशी वेगळ्या बाजूने पुनःपुन्हा येते. रात्रीची मिरवणूक पाहणारा पळतो आणि पळता पळता पुन्हा आतल्या दालनात उतरतो. ही जॅक्वेझ यांची वेटोळी आहेत. प्रभावाचा येथे अर्थातच प्रश्न नाही. खेळाचा जन्म कवीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी झाला. साम्य आहे ते समस्येचे: ज्याला आपल्या जगाचा संपूर्ण नकाशा मिळालेला नाही, त्याने त्यात कसे वावरावे?

आणि मग धन. १९७४ च्या खेळात अनुभवाचे गुण राक्षस मारून मिळतात त्याहून अधिक खजिना मिळवून मिळतात. जितके खोल तितके धन मोठे व धोकाही मोठा. ह्या अर्थव्यवस्थेत वसाहतीची छाया आहे हे नाकारता येत नाही: खाली राहणारे ते राक्षस, वरून येणारे ते वीर, आणि खालचे सोने वरच्यांचे. छत्तीसगढसारख्या प्रदेशात, जेथे जमिनीखालील खनिज आणि जमिनीवरील माणूस यांचे भांडण अद्याप मिटलेले नाही, हा रूपबंध निरागसपणे वाचता येणार नाही. मुक्तिबोधांच्या कवितेतही पृथ्वीच्या थरांखाली खोल एक गुहा आहे आणि तीत किरणोत्सर्गी रत्ने विखुरलेली आहेत. परंतु ती दुसऱ्या कोणाची नव्हेत. ते त्याचेच अनुभव, त्याचेच विचार. लोकहितापासून तोडून त्यानेच ते गुहेत कोंडले होते. खाली उतरणारा येथे लुटारू ठरत नाही, कारण ज्याला लुटावयाचे तो आणि ज्याने दडविले तो एकच आहे. अनुभव आणि खजिना यांची खेळाने घातलेली सांगड मुक्तिबोधांनी अशी फिरवून दाखविली आहे की, तीतील हिशेबच उलटा व्हावा. धन बाहेर आणल्याने कवितेतील 'मी' बलवान होत नाही. त्याच्यावर जबाबदारी येते.

राजनांदगावातच जन्मलेले आणि रायपुरात दीर्घकाळ राहिलेले विनोदकुमार शुक्ल यांच्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' ह्या कादंबरीत (साहित्य अकादेमी पुरस्कार, १९९९) ह्याच परिसरातील तिसरी शक्यता दिसते. गणिताचा एक अध्यापक, त्याची पत्नी, भाड्याची एक खोली आणि भिंतीतील खिडकी. खिडकीतून उडी घेतली की पलीकडे नदी, तळे, झाडे आणि चहा देणारी म्हातारी. भुयाराच्या परिभाषेत ही चोरदरवाजाची रचना होय. फक्त येथे उतार नाही, मशाल नको, आणि कोणी काही मोजीत नाही. मुक्तिबोधांच्या जिन्यावर पाय मुरगळतो. शुक्लांच्या खिडकीतून माणसे सहज ये-जा करतात आणि परत येऊन स्वयंपाकाला लागतात. पंचाच्या आलेखकागदावर ही खिडकी दाखवावयाची झाल्यास तिच्या पलीकडचे चौकोन कोरेच सोडावे लागतील.